चिमाबाईचं कोरं पान

वाचनालयाचं पुस्तक परत करताना त्यात पेन्सिलीनं मत लिहिल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, असा वाचक आपल्याकडं गल्लीगणिक सापडतो. 'भिकार', 'अप्रतिम', 'खुनी डॉक्टर आहे, वेळ घालवू नका'. शेवटच्या कोऱ्या पानावर ही मंडळी अगदी मोकळी होतात. लोणावळ्यात वलवणच्या रस्त्याला एक वाचनालय आहे. तिथं ही मतं पुसायचं काम चिमाबाईकडं होतं, आणि बावीस वर्षं तिनं ते भांडी घासावीत तशा नेटानं केलं.

चिमाबाई मूळची पवनानगरकडची, शिकलेली सातवीपर्यंत, वाचनालयात शिपाई. पुसण्याआधी वाचायचं, हा तिचा नेम. त्यामुळं झालं असं, की पुस्तकं तिनं फारशी वाचली नाहीत, पण पुस्तकांबद्दल गावाला काय वाटतं ते तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. अक्षरावरून ती माणूस ओळखायची. वाचून झालं की खोडरबर फिरवायची, फुंकर मारायची आणि गप्प बसायची. कुणाचं नाव तिच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. मला तर वाटतं, गावात गुपितं राखणारी एवढीच एक जागा उरली होती.

तीन वर्षांपूर्वी ग्रंथपाल अमृतामॅडमनी किशोरवयीन मुलांच्या कादंबऱ्यांचं एक कपाट सुरू केलं. ना धड परीकथा, ना धड मोठ्यांची पुस्तकं, म्हणून मोठ्यांनी नाकं मुरडली. पोरं-पोरी मात्र क्लास सुटला की येऊन तिथंच बाकावर वाचत बसायची. घरी नेत नसत, कारण मुखपृष्ठावर गच्चीत बसलेली मुलगा-मुलगी दिसली की घरी उलटतपासणी ठरलेली. म्हणून नोंदवहीत नावं नसत. शेवटची पानं मात्र खच्चून भरत, आणि चिमाबाई ती इमानेइतबारे कोरी करी.

फेब्रुवारीतल्या सभेत शरच्चंद्र सरांनी या कपाटाचा विषय काढला. सर निवृत्त मुख्याध्यापक, आता कार्यकारिणीचे सभासद. माणूस सज्जन, पण शिस्तीला कडक. कपाट रिकामं करून तिथं स्पर्धा परीक्षांची पुस्तकं ठेवावीत, असं त्यांचं म्हणणं. दाखवायला 'गच्चीची किल्ली' नावाची त्यातलीच एक कादंबरी त्यांनी समोर ठेवली होती.

"नोंदवहीत हिच्यासमोर दोन वर्षांत चार नावं आहेत," सर म्हणाले. "आणि हे शेवटचं पान बघा. आपल्याकडे लोक लोणच्याच्या पाककृतींवरही चार ओळी खरडतात. इथं पेन्सिल टेकलेली नाही. म्हणजे ही पुस्तकं कुणी वाचतच नाही."

अध्यक्षांनी मान डोलावली. अमृतामॅडम काही बोलू बघत होत्या, पण दाखवायला हातात काही नव्हतं. कप गोळा करता करता चिमाबाई थबकली. दाखवण्यासारखं जे होतं, ते तिनंच पुसलं होतं. आता तिच्या टापटिपीपायी पोरांचं कपाट जाणार होतं. 'साखर कमी का?' यापलीकडं ती सभेत कधी बोलली नव्हती. तिनं ट्रे खाली ठेवला.

"सर, ते पान म्या कोरं केलंय. एकदा न्हाई, लय येळा. त्याच्यावर काय व्हतं ते सांगू का?"

दोघंतिघं हसले. सरही हसले. "सांगा की."

चिमाबाईनं पदर खोचला आणि पाढे म्हणावेत तशी सुरुवात केली.

"एकानं लिवलं, 'बोअर आहे, पहिली साठ पानं सोडा.' त्याच्या खाली दुसऱ्यानं, 'तू वाचणंच सोड.' एकीनं लिवलं, 'हिरो फार चांगला दाखवलाय, असा मुलगा कुठे नसतो.' त्याच्या खाली, 'असतो, पण आपल्या शाळेत नसतो.' एक म्हणतोय, 'लेखिकेला मोबाइलमधलं काही कळत नाही.' मग एकीनं लिवलं, 'यातली आई खोटी वाटते. कुठली आई एवढी ओरडते?' तर त्याच्या खाली बारक्या अक्षरात निस्तं, 'माझी.'"

आता कुणी हसत नव्हतं.

"समद्यात खाली व्हतं, 'आजोबा मात्र खरे आहेत. रोज दप्तर तपासतात, विचारत काहीच नाहीत.'"

मग अध्यक्षांनी विचारलं, "चांगलं म्हणणारे जास्त की वाईट?"

"निम्मे-निम्मे. पन वाईट म्हणणारंबी शेवटपातुर वाचत्यात, तवाच शेवटच्या पानावर येत्यात न्हवं?"

कपाट जागेवर ठेवायचं ठरलं आणि सभा उठली. अमृतामॅडमनी चिमाबाईचा हात घट्ट धरला.

सर मात्र मागं रेंगाळले. त्यांच्या घरी त्यांची नात अपूर्वा असायची, नववीतली. आईवडील नोकरीसाठी बंगळुरूला, पोरगी आजोबांच्या देखरेखीखाली.

"चिमाबाई, ते आजोबांचं कुणी लिहिलं होतं?"

"अक्षर वळखती सर, पन नाव घेत न्हाई. कंदीच घेतलं न्हाई."

"मुलगा की मुलगी, एवढं तरी सांगा."

"त्ये पुसलं, गेलं. तुमी आधी पुस्तक वाचा, मंग तिलाच इचारा."

शब्द निसटला आणि चिमाबाईनं जीभ चावली. बावीस वर्षांचं इमान एका 'ती'नं घालवलं होतं. तिला स्वतःचा मनस्वी राग आला. सरांचा चेहरा बघून मात्र तो राग टिकला नाही. एवढा ताठ माणूस, पण शाळेत पहिल्या दिवशी सोडलेल्या पोरासारखा दिसत होता.

"मी तिला रागावणार नाही," सर म्हणाले. "पण विचारायचं काय असतं, तेच मला कळत नाही."

"कादंबरी कशी वाटली, एवढंच इचारा."

सरांनी पुस्तक उचललं. "ती इथं येते? कधी?"

"रोज येती, सर. साडेपाचला, क्लास सुटला की."

रोज दप्तर तपासणाऱ्या सरांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं.

"मग थांबतो," ते म्हणाले, आणि पोरांच्या बाकावर जाऊन बसले.