घराबाहेरचं अंडं

आमच्या गल्लीतले एक गृहस्थ रोज संध्याकाळी गुलमंडीजवळच्या अंड्यांच्या गाड्यावर भेटतात. उकडलेली अंडी पुढ्यात आली की त्यांचं प्रवचन सुरू होतं. "पांढऱ्यात प्रोटीन, पिवळ्यात ताकद. लई लोक पिवळं टाकून देतात, येडे कुठले." हे सांगताना ते बोटाला लागलेलं पिवळंही चाटून घेतात. मग चूळ भरायची, बडीशेप चावायची आणि हाताचा वास घेऊन बघायचा, कारण घरी अंडं चालत नाही.

परवा म्हणाले, सून पोटुशी आहे, अंगात रक्त कमी. डॉक्टरीणबाईंनी तिला रोज अंडं खायला सांगितलंय.

"मग द्या की," मी म्हणालो.

"घर बाटवू व्हय?"

"मग तिला इथं घेऊन या."

"बाईमाणसानं गाड्यावर उभं राहून खायचं? लोक काय म्हणतील?"

त्यांनी मोठा उसासा सोडला आणि गाड्यावाल्याकडं वळले.

"तिच्या काळजीनं मलाच अशक्तपणा आलाय. चाचा, अजून एक सोला."