टेकडीमागे आर्विला होती

आर्विला क्रॅगनने आमच्या गावच्या पोस्टात सत्तावीस वर्षं काढली. प्रत्येक पाकिटावरचा पत्ता दोनदा वाचल्याशिवाय ती ते पुढे सरकवायची नाही. बंदुकीच्या बाबतीतही तिचं तेच. गावातली पोरं तिला तोंडावर ‘भित्री आर्विला’ म्हणायची. ती हसायची नाही, रागवायचीही नाही. “आहेच मी भित्री,” एवढंच म्हणायची.

तिचा नवरा डेलविन गेला त्या वर्षापासून आम्ही दोघी दर शनिवारी सकाळी खडीच्या जुन्या खाणीवर जायला लागलो. मी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, शनिवारी मला सुट्टी. खाण गावापासून नऊ मैल पश्चिमेला, सरकारी जमिनीवर. तिथे कोणीही जावं, कागदी निशाणावर नेम धरावा, आपला कचरा उचलून घरी यावं. ना फाटक, ना पहारेकरी.

आर्विलाबरोबर जायचं म्हणजे मात्र निम्मा वेळ तयारीतच जायचा. पिकअपमध्ये फावडं आणि पाण्याचे दोन कॅन आहेत का, हे आधी बघायचं. आमच्याकडचं गवत उन्हाळाअखेर इतकं वाळतं की दगडावर आपटलेल्या गोळीच्या ठिणगीनेही पेटतं. मग इथे नेमबाजी चालू आहे हे लांबून कळावं म्हणून गाडीच्या अँटेनाला लाल फडकं बांधायचं. बंदुका लांब टेबलावर, गोळी आत ढकलणारे बोल्ट उघडे, नळ्या खाणीच्या दरडीकडे. आणि शेवटी ती एकटी दरडीमागची टेकडी चढून पलीकडे जाऊन यायची.

“अगं, समोर तीस फुटांची दरड आहे,” मी म्हणायची. “तिच्यातून आरपार जायला आपण काय तोफा आणल्यात?”

“गोळी दगडावरून उसळते, जोलीन.”

“पलीकडे काळं कुत्रंसुद्धा नसतं.”

“कुत्रं नाही ना, तेवढंच बघून येते. तू कॉफी पी. माझ्या वाटचीही पी.” ती कॉफी घ्यायची नाही. तिच्या चर्चमध्ये चालत नाही.

दहा मिनिटांत ती परत यायची. सहा वर्षांत अकरावं मिनिट कधी लागलं नव्हतं.

ऑक्टोबरच्या त्या शनिवारी थंडी अचानक पडली होती. आर्विलाने लांबून उठून दिसणारं नारिंगी जाकीट घातलं होतं, पण गाडीतून उतरल्यावर वारा झोंबला तसा तिने सीटमागचा डेलविनचा तपकिरी कोट काढला आणि वरून चढवला. मीच बटणं लावून दिली. तपकिरी कोट, तपकिरी टेकडी. आम्हा दोघींच्याही डोक्यात ते आलं नाही.

ती दरडीच्या कडेने वर चढली आणि माथ्यापलीकडे दिसेनाशी झाली. मी टेबलापासून लांब, गाडीच्या पायरीवर बसले आणि थर्मास उघडला.

पहिला बार झाला तेव्हा मी मानही वर केली नाही. त्या भागात शनिवारी कोणी ना कोणी नेमबाजी करतच असतं. मग पाठोपाठ चार-पाच बार झाले, आणि टेकडीच्या माथ्यावरून काहीतरी कुंईऽऽ करत गेलं. उसळलेली गोळी. तो आवाज एकदा ऐकला की माणूस विसरत नाही.

कॉफी माझ्या मांडीवर सांडली. बार पलीकडून होत होते, गोळ्या टेकडीवर येत होत्या, आणि आर्विला पलीकडच्या उतारावर होती.

मी हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. एक मिनिटभर तरी गाडी बोंबलत होती. पलीकडे काही फरक नाही. फोन काढला तर सिग्नलची एक काडीही नाही, तिथे कधीच नसते. माथ्यावर चढून हात हलवावे असं मनात आलं, आणि लाज वाटते सांगायला, पण पाय हललेच नाहीत. माथ्यावर डोकं काढलं असतं तर तेही त्यांच्या नेमासमोरच आलं असतं.

उरला एकच मार्ग. टेकडीला वळसा घालून पलीकडे पोचायचं, तेही नेम धरणाऱ्यांच्या पाठीमागून. कच्च्या रस्त्याने अडीच मैल. बंदुका गाडीत टाकल्या, कुलूप लावलं. मग मी निघाले.

त्या अडीच मैलांत मी काच खाली ठेवली होती. धूळ आत येत होती, पण मला ऐकायचं होतं. बार झाला की वाटायचं, हा तिला लागला. बार थांबले की वाटायचं, लागला म्हणूनच थांबले. मग पुन्हा सुरू व्हायचे आणि मला चक्क बरं वाटायचं.

वळण संपलं तशी एक पांढरी पिकअप दिसली. तिच्यापुढे दोघं जण उभी होती, तरुण मुलगा आणि मुलगी, पाठमोरी. उतारावर दोनशे फुटांवर एका खडकावर निशाण म्हणून ठेवलेलं, फुटलेलं कलिंगड. मी दिवे लावले, हॉर्न वाजवला. दोघांच्या कानांवर आवाज अडवणारे जाड इअरमफ. शेवटी गाडीची चाहूल लागली की काय, मुलगी वळली. हातातल्या रायफलीसकट वळली. ती नळी माझ्या काचेवरून सावकाश फिरली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी ब्रेक दाबून सीटखाली घुसले.

“खाली ठेव! ती खाली ठेव!” मी तिथूनच ओरडत होते. “टेकडीवर माणूस आहे!”

मुलाने कान मोकळे केले. “काय म्हणालात, बाई?”

“माझी मैत्रीण आहे वर! तुम्ही तिच्यावर गोळ्या झाडताय!”

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडताना मी बघितला. मुलीने रायफल गाडीच्या बॉनेटवर ठेवली आणि दोन्ही हात वर केले, जणू मीच तिच्यावर काही रोखलं होतं.

मी हाका मारल्या. “आर्विला! आर्विलाऽऽ!” मुलानेही मारल्या. उत्तर नाही. वारा नुसता जुनिपरच्या ठेंगण्या झाडांतून वाजत होता.

मग आम्ही चढू लागलो. मी पुढे, मुलगा मागे. मुलगी खालीच गुडघ्यांवर बसून ओकत होती. प्रत्येक झुडपाआड मला तपकिरी कोट दिसत होता. एकदा खरंच दिसला वाटून मी किंचाळले, तर ते वाळकं खोड निघालं. कलिंगडाच्या खडकाच्या वर वीसेक पावलांवर पावसाळी पाण्याने कोरलेली एक घळ आहे, जेमतेम गुडघ्याएवढी खोल. तिच्यात ती पालथी पडली होती. हात डोक्यावर, तोंड मातीत. गालावर रक्त.

“आर्विला,” मी म्हणाले.

ती हलली नाही. मग मातीतूनच बोलली. “बंदुका उघड्या आहेत का?”

“काय?”

“बोल्ट. उघडे आहेत का? त्यांच्यापाशी कोण आहे?”

“मुलगी आहे खाली. ऊठ गं, झालं सगळं.”

“मी नाही उठणार. आधी बोल्ट उघडा. आणि तिला लांब उभं करा.”

मुलगा धावत खाली गेला. रायफलीचा बोल्ट उघडून ठेवला, मुलीला धरून गाडीमागे नेलं आणि वर ओरडून सांगितलं. तेव्हा कुठे तिने डोकं वर केलं. गालावर दगडाची कपची लागली होती, बाकी अंगावर ओरखडाही नव्हता. पण ती उभी राहीना. मी तिला अक्षरशः काखेत हात घालून उचललं. तिच्या कोटाच्या आतून नारिंगी जाकिटाची एक पट्टी बाहेर आली होती. ती तिलाही दिसली. “मूर्ख बाई,” ती स्वतःलाच म्हणाली.

तिथे तिच्यावर काय गुजरलं ते नंतर तिनेच सांगितलं. पहिल्या बाराला ती ओरडली होती, हात हलवला होता. दुसऱ्या बाराला डोक्याजवळच्या जुनिपरची साल उडाली. मग ती घळीत पडली आणि मोजायला लागली. दहा झाले की ते थांबायचे, गोळ्या भरायचे. तेवढ्या वेळात उठून पळावं असं तिला दर वेळी वाटायचं आणि दर वेळी अंग उठायचं नाही. “मी एक्केचाळीसपर्यंत मोजले,” ती म्हणाली. “पुढचे मोजले नाहीत. पुढे मी नुसती डेलविनशी बोलत होते.”

खाली उतरून आल्यावर कळलं, मुलाचं नाव डॅक्स, मुलीचं मकेल. लग्न होऊन चार महिने झाले होते. रायफल तिच्या वडिलांची.

“आम्ही टेकडी बघूनच उभे राहिलो होतो,” डॅक्स पुन्हा पुन्हा सांगत होता. “निशाणामागे टेकडी असावी म्हणतात ना? टेकडी होती, बाई. शप्पथ.”

“टेकडी होती,” आर्विला म्हणाली. “टेकडीवर मी होते.”

मला वाटलं, आता ती दोघांना फाडून खाईल. निदान मी तरी खाल्लं असतं. ती म्हणाली, “चला माझ्याबरोबर.” ती पुन्हा वर गेली, दोघांना घेऊन. घळ दाखवली. जुनिपरच्या खोडातली भोकं दाखवली आणि मकेलला त्यांत बोट घालायला लावलं. एक भोक घळीच्या काठापासून वीतभर वर होतं.

मकेल हुंदके देऊ लागली. तेव्हा आर्विला तिथेच खडकावर बसली आणि जे बोलली ते मी एकोणीस वर्षांच्या शेजारात कधी ऐकलं नव्हतं.

“मी अकरा वर्षांची होते. सुकलेल्या तळ्यात दगडावर डबा ठेवून मारत होते. मागे सगळं मोकळं, क्षितिजापर्यंत. म्हटलं, कोणाला लागणार? अर्ध्या मैलावर शेजारच्या जेप्सनांची घोडी चरत होती. ती गाभण होती. गोळी तिलाच लागली. मी तीन दिवस घरी बोलले नाही. त्या तीन दिवसांत त्यांनी दुसऱ्याच एका माणसावर आळ घेतला.”

“मग?” मकेलने विचारलं.

“मग सांगितलं. बाबांनी मारलं नाही. जेप्सनांकडे नेऊन उभं केलं, आणि घोडी पुरायला खड्डा खणायला लावला. दोन दिवस लागले.” ती थांबली. “कलिंगडाची सालं उचला आता. आणि गोळ्यांच्या पुंगळ्या. सगळ्या.”

त्यांनी उचलल्या. जाताना डॅक्स गाडी इतकी हळू चालवत होता की धूळसुद्धा उडाली नाही.

लोकांना वाटतं गोष्ट इथे संपली. आर्विलाची तिथून सुरू झाली. हिवाळाभर ती खाणीकडे फिरकली नाही. चर्चच्या सभागृहाचं छप्पर दुरुस्त करत होते, तेव्हा खिळे मारायच्या यंत्राचा आवाज झाला आणि ही सगळ्यांसमोर टेबलाखाली. पॅनकेकचं ताट उपडं. कोणी हसलं नाही, तेच तिला जास्त लागलं. रात्री ती मला फोन करायची आणि बोलायची काहीच नाही. मी शाळेतल्या जेवणाच्या गप्पा सांगत बसायची, तिचा श्वास सावकाश होईपर्यंत.

“रायफली विकून टाक,” मी एकदा म्हणाले.

“विकून काय होईल? आवाज बंद होईल का?”

एप्रिलमध्ये मकेल तिच्या दाराशी आली. “मला नीट शिकवाल का, सिस्टर क्रॅगन? आमच्या घरात रायफल आहे, आणि मला तिची भीती वाटते.” त्यांच्या चर्चमध्ये बायकांना सिस्टर म्हणतात. आर्विलाने दार लावून घेतलं. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा आली. तेव्हा दार उघडं राहिलं.

आम्ही तिघी मे महिन्यात गेलो. नारिंगी जाकिटं सगळ्यात वर. टेकडीपलीकडे बघायला मी आणि मकेल गेलो, आर्विलाला जमलं नाही. आम्ही परत येईपर्यंत ती गाडीला पाठ लावून उभी होती, ओठ पांढरे. मग बावीस कॅलिबरची छोटी रायफल खांद्याला लावायला तिला अर्धा तास लागला. पाच गोळ्या मारल्या. कागदाला एक लागली, तीही कोपऱ्याला.

“पोस्टात शिक्का मारायचीस तेव्हा नेम चांगला होता तुझा,” मी म्हणाले.

“गप बस, जोलीन.” पण ओठांना थोडा रंग आला होता.

मकेल नेम मारत असताना लांबून गाडीचा आवाज आला. आर्विलाने हात वर केला. “बंद! बोल्ट उघडा. मागे या.” आम्ही मागे आलो. वळणावरून एक जुनी निळी गाडी आली. आत म्हातारा-म्हातारी आणि एक कुत्रा. म्हाताऱ्याने काच खाली करून तळ्याकडचा रस्ता विचारला.

आर्विलाने सांगितला. डावीकडे वळा, पाण्याच्या टाकीपाशी उजवीकडे. आवाज अगदी पोस्टातला, स्वच्छ. पण तिने माझी बाही मुठीत धरली होती, आणि गाडी दिसेनाशी झाली तरी ती मूठ सैल झाली नाही. मकेल टेबलाजवळ उभी राहून आमच्याकडे बघत होती. आर्विला सांगेपर्यंत तिने रायफलला हात लावला नाही.