सासूबाईंच्या गल्ल्यातली चित्राची नाणी

चिंचेच्या कोळात देवाची भांडी अर्धी घासून झाली होती. ताम्हन, पळी लख्ख निघाली होती. समई आणि निरांजन अजून काळीच. उद्या एकादशी. तेवढ्यात विमलबाई दारात आली. नाक्यावर तिचं किराणाचं दुकान आहे. तिनं पदराची गाठ सोडली, एक नाणं काढलं आणि माझे हात ओले बघून ते उंबऱ्यावरच ठेवलं.

"वहिनी, हे भैरूभाऊंना द्या. कवाधरनं मागं लागलेत. आज एका म्हाताऱ्यानं तंबाखूच्या पुडीला दिलं, तवा घावलं."

दोन रुपयांचं जुनं नाणं होतं, कोनाकोनांच्या कडेचं. त्यावर देहूचे तुकोबा. मी हात न धुताच नमस्कार केला. विमलबाई गेली आणि भांडी तशीच राहिली.

रोज वहीत रामकृष्णहरी लिहून झालं की खाली दिवसाचं थोडं लिहायची माझी सवय आहे. आज भैरूभाऊजींचंच लिहिते.

भैरूभाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. चाकणच्या एका कंपनीत पेंट शॉपला कॉन्ट्रॅक्टवर आहेत. लग्न जमलं नाही. आधी शेती गेली म्हणून पोरी मिळेनात, मग कॉन्ट्रॅक्ट आहे म्हणून, मग वयच झालं. आई आणि ते, असाच त्यांचा संसार. आमच्याच घरात, पण मागच्या खोलीत त्या दोघांचं वेगळं जग.

सासूबाई, कुशाबाई त्यांचं नाव, कंपनीच्या गेटबाहेर भाजी विकायच्या. शिफ्ट सुटली की कामगार मेथीची जुडी, चार वांगी घेऊन जायचे. संध्याकाळी त्या घरी आल्या की पाय लांब करून बसायच्या आणि गल्ल्याची पिशवी फरशीवर उपडी करायच्या. भाऊजी समोर मांडी घालून. मग दोघांचा खेळ सुरू.

सरकार कुणाच्या जयंतीला, कशाच्या शंभर वर्षांना टांकसाळीतून वेगळ्या छापाची नाणी काढतं. बाजारात ती इतरांसारखीच चालतात, कुणी उलटून बघत नाही. सासूबाई बघायच्या. अक्षर येत नव्हतं, पण चित्र ओळखायच्या. "भैऱ्या, हत्ती आला रं!" म्हणजे रेल्वेच्या दीडशे वर्षांचं, त्यावर कंदील धरलेला हत्ती असतो. "माउली आली." म्हणजे ज्ञानेश्वरांचा रुपया. वैष्णोदेवीचं आलं तर आधी कपाळाला लावायच्या, मग त्याला द्यायच्या. आणि भाऊजी तेवढ्याच किमतीचं साधं नाणं खिशातून काढून पिशवीत टाकायचे.

"आरं ऱ्हाऊ दे की, आईला बी पैसं देतो व्हय?"

"गल्ला कमी नको व्हायला, आये. उद्या म्हणशील, पोरानं लुटलं."

"लुटाया तरी कोन येतंय का बघ एखादी!" म्हातारी हसायची, आणि लग्नाचा विषय काढला म्हणून तेही हसायचे. मी स्वयंपाकघरातून ऐकायची.

कंपनीतल्या एकानं त्यांना सांगितलं होतं की टांकसाळीकडून अशी नाणी कोरी, डबीत घालून विकतही मिळतात. भाऊजींनी मान हलवली. "डबीतलं कुनाच्या हातानं आलेलं नसतंय, वहिनी. आमची सगळी आयेच्या हातची हायती." बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ती ठेवायचे. डबा देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर. लक्ष्मीपूजनाला सासूबाई झाकणाला कुंकू लावायच्या.

श्रावणात सासूबाई गेल्या. पिकलं पान होतं, झोपेतच गेल्या. आमच्याकडे म्हातारं माणूस असं भरल्या घरातून गेलं की लाह्या, गुलाल आणि चिल्लर उधळत नेतात. भावकी जमली, तिरडी बांधली आणि बाळूकाका ओरडले, "सुटं पैसं आना लवकर!"

घरात सुटं कुठलं? हल्ली दूधवाल्यालासुद्धा मोबाईलवरच पैसे जातात. अंगणातल्या सगळ्या माणसांनी खिसे चाचपले. कुणाकडे काही निघालं नाही. मग आमचे हे, दादासाहेब, आत गेले आणि देव्हाऱ्याखालचा डबा घेऊन आले. डोळे भरलेले होते ह्यांचे. "आईचा गल्ला हाय. तिच्याच वाटंला जाऊ दे," म्हणाले आणि डबा बाळूकाकांच्या हातात दिला. ह्यांना त्या डब्यातलं काही ठाऊक नव्हतं. हे सेकंड शिफ्टला असायचे. संध्याकाळचा तो खेळ ह्यांनी कधी बघितलाच नाही. मी आत बायकांना सावरत होते, भाऊजी परसात मडक्यात विस्तव भरत होते; हे सगळं मला नंतर कळलं. बाहेर आले तेव्हा तिरडी उचलली होती.

आईला अग्नी धाकट्यानं द्यायचा असतो. विस्तवाचं मडकं घेऊन भाऊजी सगळ्यांच्या पुढे होते. मडकं धरलेल्यानं थांबायचं नाही, मागं वळून बघायचं नाही. आम्ही बायका वेशीपर्यंत गेलो. मी बघितलं, बाळूकाकांनी पहिली मूठ उधळली, नाणी डांबरावर खणखणली आणि भाऊजींची पावलं अडखळली. कुणीतरी म्हणालं, "चल भैरू, थांबू नगो." ते चालायला लागले. लोकांना वाटलं, आईच्या दुःखानं लेकरू डगमगलं.

नंतर त्यांनी मला सांगितलं. पहिल्या आवाजालाच कळलं होतं. "जुन्या नाण्याचा आवाज येगळा येतो, वहिनी. आताची हलकी वाजत्यात. एक गडगडत माझ्या पायाफुडं आलं. तुकोबा वर व्हते. मी वलांडून गेलो."

नदीवरून येऊन अंघोळ झाल्यावर त्यांनी देव्हाऱ्याखाली बघितलं. रिकामा डबा परत जागेवर ठेवलेला होता. ह्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आईचं आईला दिलं, भैरू."

"बरं केलंस दादा," भाऊजी म्हणाले.

ह्यांना अजून माहीत नाही. भाऊजींनी मला शपथ घातली आहे.

त्या वाटेवर उधळलेलं घरच्या माणसानं उचलायचं नसतं. भाऊजींनी उचललं नाही. भाड्याच्या खोल्यांमधून राहणाऱ्या लोकांनी, रस्त्यावरच्या पोरांनी घेतलं असेल. पण खर्चलं तर इथल्याच दुकानांत खर्चणार, ह्या आशेवर ते दुकानं धुंडायला लागले. नोट पुढे करायची आणि सुटे मागायचे. चहाच्या टपरीवरचा रोहिदास म्हणायचा, "भैरूभाऊ, स्कॅन करा की राव! सुटं आता म्युझियममधी." सगळे हसायचे. भाऊजी नोट तशीच धरून उभे. कामावर खाडे पडत गेले, सुपरवायझरनं नाव काढून टाकायची धमकी दिली. जेवायला बसवलं तर भाकरी मोडून नुसती ताटात ठेवतात.

मी एकदा म्हणाले, "सासूबाईंनी ती नाणी बरोबर नेली म्हणा. देवाची इच्छा."

"नेली कुटं? टायरखाली गेली."

एरवी कुणाच्याही घरी दुःख झालं तर मला बोलायला सुचतं. त्या दिवशी मी उठून पोथी काढली. पोथीपुढे बसले तरी मनात तोच टायर फिरायचा.

तर आज ते नाणं उंबऱ्यावर पडलेलं. उचलावं की नाही ते मला कळेना. ते त्याच वाटेवरचं असेल तर घरात कसं घ्यायचं? आणि नसेलही. शेवटी म्हटलं, तुकोबा आहेत, त्यांना उंबऱ्यावर कसं ठेवू? ताम्हनात ठेवलं.

भाऊजी दिवेलागणीला आले. मी ताम्हन पुढे केलं. त्यांनी नाणं घेतलं, दाराशी उजेडात नेलं, पालथं केलं, नखानं उडवून फरशीवर वाजवलं. मला वाटलं, आता रडतील, आणि रडले की मोकळे होतील. मी पदर तोंडाला लावून उभी.

"तेच हाय का हो, भाऊजी?"

"काय म्हाईत."

"म्हंजे? तुमाला वळखू येत नाही?"

"वहिनी, टांकसाळीतनं समदी एकसारकीच येत्यात." ते दारातच खाली बसले. "आये आरडली की माझं व्हायचं. 'भैऱ्या, तुकोबा आलं!' आता हे दोन रुपय हायती."

"असू द्या, डब्यात ठेवा. सुरुवात होईल परत."

"कुनाला दावू?"

मी म्हणाले, मला दाखवा. ते हसल्यासारखं करून म्हणाले, "तुमी पाया पडता नुसत्या." खोटं नव्हतं ते.

अंधार पडत चालला होता. सासूबाईंच्या फोटोपुढे दिवा लावायचा राहिला होता. मी घाईघाईनं निरांजनावरून हात फिरवला, वात घातली, तेल घातलं, कोनाड्यात हात घातला तर काडेपेटी रिकामी. मोबाईलवर विमलबाईला सांगते, म्हणाले, पोराच्या हाती पाठवून देईल.

"नगं," भाऊजी उठले. नाणं त्यांच्या मुठीत होतं. "कितीला येती काडेपेटी?"

"दोन रुपयांना."

त्यांनी मूठ उघडून बघितलं नाही. मी "अहो, ते नको, थांबा, मी देते," म्हणत डब्याडुब्यांत शोधायला लागले. घरात सुटं कुठलं? चपलांचा आवाज आला. मागं वळून बघितलं तर दार उघडं, आणि भाऊजी विमलबाईच्या दुकानातून काडेपेटी आणायला गेले होते.