दोन प्रश्न आणि तांब्याचा पेला

एप्रिल महिना, नव्वदच्या दशकाचा मध्य, नाशिकजवळचं आमचं पोलीस ठाणं. हजर: मी, हवालदार, विमान कारखान्यातले एक रशियन तंत्रज्ञ, त्यांची वृद्ध आई आणि त्यांच्याकडे घरकाम करणारी बाई. गैरहजर: तांब्याचा एक जुना पेला. बरीच प्रकरणं विसरलो, ही हजेरी मात्र तोंडपाठ आहे.

तक्रार तंत्रज्ञ मुलाची. खबर कारखान्याच्या वसाहतीतल्या माळ्याची: कामवाली पदराखाली काहीतरी घेऊन फाटकाबाहेर गेली. हवालदार तिला आणायला गेला आणि नेहमीचं वाक्य बोलला, "चला मावशी, दोन प्रश्न विचारायचेत, लगेच सोडतो."

मुलाला कामापुरतं मराठी कळायचं. आजींनी त्याच्याकडून त्या वाक्याचा अर्थ विचारून घेतला, थर्मास भरला आणि बाईचा हात धरून जीपमध्ये बसल्या. ठाण्यातही हात सोडेनात.

"आजी, तुम्ही फिर्यादीकडच्या. तिकडे बसा," हवालदार म्हणाला. मुलाने भाषांतर केलं. आजींनी हवालदाराला चहा ओतून दिला, जागा सोडली नाही.

बाई काहीच सांगेना. "मला नाय ठावं," एवढंच. शेवटी मी आजींनाच विचारलं, तुम्ही का आलात?

मुलगा इंग्रजीत सांगू लागला. आजींचे वडील ऑर्थोडॉक्स पाद्री. सोव्हिएत राजवटीत चर्चला कुलूप लागलं, तरी ते घरोघरी जाऊन मुलांना बाप्तिस्मा देत राहिले. एका सकाळी पोलीस आले. दोन प्रश्न आहेत, लगेच सोडतो, म्हणाले. सोडलं तेव्हा आजींचं लग्न होऊन गेलं होतं. मधली वर्षं वडिलांनी सैबेरियाच्या छावणीत लाकडं तोडली आणि याच पेल्यात रानफळांचा रस घालून कैद्यांना लपूनछपून प्रसाद दिला.

मी हे बाईला मराठीत सांगितलं. ती आजींकडे बघत राहिली आणि रडायला लागली.

"साहेब, आजींच्या सणाला चकचकीत करावं म्हटलं. आतून लय काळं पडलं होतं. कल्हईला दिलंय. तो मेला कल्हईवाला मालेगावला लग्नाला जाऊन बसलाय."

"मग आधी बोलायचं ना."

"न विचारता नेलं होतं. काम गेलं असतं माझं."

कल्हईवाला दुसऱ्या दिवशी एसटीने परतला. पेला आतून चांदीसारखा. आता आजी काय म्हणतील, याची मला धास्ती. त्यांनी त्यात आपलं तोंड पाहिलं आणि हसल्या. वडील दर ईस्टरला वाळूने घासून तो असाच लखलखीत करायचे म्हणे. बाईचं काम राहिलं, तक्रार मागे घेतली गेली.

गप्प बसणारा प्रत्येक जण गुन्हा लपवत नसतो, कधी पोटही सांभाळत असतो, एवढं मी शिकलो. ठाण्यात काय बोलू नये याची यादी मी नव्या शिपायांसाठी केली. पहिल्या क्रमांकावर हवालदाराचं ते वाक्य. त्याऐवजी काय म्हणावं, ती जागा अजून कोरीच आहे.