दुधाचा हात

अमेरिकेत पिस्कॅटवेला येऊन सुमेधाला दोन वर्षं झाली होती. नवरा अतुल दिवसभर कंपनीत, आणि हिला डिपेंडंट व्हिसावर नोकरीची बंदी. घर नुसतं खायला उठायचं. म्हणून २००६च्या हिवाळ्यात शेजारच्या ज्यू मिरियम आजी बर्फावरून घसरल्या नि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला, तेव्हा त्यांचा शुक्रवारच्या शब्बाथचा पाव, खाला, वळायचं काम हिनं आपणहून अंगावर घेतलं. तीन पेडांची वेणीच ती! नागपूरला धाकट्या बहिणींच्या वेण्या घालण्यात हिचं बालपण गेलेलं.

आज आजींची मुलगी भांडण विसरून, कित्येक वर्षांनी, पोरांना घेऊन जेवायला येणार होती. आजी जरा आडव्या झाल्या होत्या. पीठ नुसत्या तेल-पाण्यातलं, पण वरून लावायला वाटीत अंडं फेटून ठेवलेलं. ते काम एरवी आजी डाव्या हातानं करायच्या. त्यांना उठवायचं जिवावर आलं, आणि त्या बुळबुळीत पिवळ्याला हात लावायचा म्हणजे शाकाहारी सुमेधाच्या अंगावर काटा. तिनं फ्रिजमधून दूध काढलं, पावाच्या दोन्ही वेण्यांवर दुधाचा हात फिरवला आणि ट्रे ओव्हनमध्ये सरकवला. दुधानं कधी कुणाचं काही बाटलंय?

मग तिची नजर शेगडीवरच्या चिकनच्या पातेल्याकडे गेली. या घरात दूध आणि मांस एका जेवणात चालत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ऊन उतरत होतं. सूर्य बुडाला की शब्बाथ लागणार, मग आजी विस्तवाला हात लावणार नाहीत. दुसरा पाव होणं शक्य नव्हतं. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? पण अतुलच्या ऑफिस पार्टीत कुणीतरी ‘एगलेस आहे’ म्हणून तिला अंड्याचा केक चारला होता. त्या माणसाचं तोंड तिनं पुन्हा पाहिलं नव्हतं.

तिनं आजींना उठवलं. “सॉरी आजी, मी पावाला दूध लावलं.”

आजी स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहिल्या. ओव्हनमध्ये डोकावल्या, मग पातेल्याकडे पाहिलं.

“चिकन फ्रिजमध्ये ठेव,” त्या म्हणाल्या. “बटाटे सोल. लवकर.”

“पण तुमची मुलगी…”

“ती रागावेल. तिला सवय आहे. आणि एक ताट जास्त मांड. आजवर या घरात पाण्याशिवाय कशाला शिवली नाहीस. आज तुला जेवता येईल.”

बटाटे सोलताना सुमेधाचं रडू आवरेना, आणि आजी खिडकीबाहेर बघत तिला घाई करत राहिल्या.