भावाची सेडान

ताउनो ह्युत्तिनेन हा माझा शेजारी. शेजारी म्हणजे आमच्या दोन घरांमध्ये फक्त एक जंगल आहे. शनिवारी तो माझ्याकडे सौनात घाम गाळायला येतो. तासाभरात त्याच्या तोंडून तीन वाक्यं निघाली, की मी घरात येऊन बायकोला सांगतो, "आज ताउनो फार बडबडत होता."

उमेदीची वर्षं त्याने स्वीडनमधल्या कारखान्यात घालवली. लग्न केलं नाही. परत आला तो बापाच्या अंत्यविधीला, आणि त्याच दिवशी त्याच्या तोंडून नको तो शब्द गेला.

बापाची एक जपानी सेडान होती, पाद्रीबुवांकडून जुनीच घेतलेली. रविवारी सगळं घर तिच्यात बसून तळ्यावर जायचं, आई पुढे मांडीवर केकचा डबा घेऊन. आईला शेवटचं इस्पितळात नेलं तेही तिच्यातूनच. बापाला पुरून आल्यावर कॉफी चालू असताना धाकटा भाऊ रेइनो सहज म्हणाला, "गाडी बाबांनी मला दिलीय." ताउनो भरल्या घरात म्हणाला, "चोर." रेइनोने कप खाली ठेवला, गाडीत बसला आणि गेला.

तेव्हापासून अबोला. आम्हा फिनलंडच्या लोकांना अबोला जड जात नाही. मुळात बोलणं कमी, त्यातलं थोडं कमी झालं तर कळतही नाही. या दोघांचं बिनसलंय हे गावाच्या लक्षात यायलाच दोनेक वर्षं गेली.

गेल्या वसंतात रेइनोच्या मुलीने, सातूने, ती गाडी जोक्किसला उतरवायचं ठरवलं. जोक्किस म्हणजे भंगाराच्या दारातल्या गाड्यांची गावशर्यत. नियम एकच, पण कडक: शर्यत संपली की ठरलेल्या किमतीला कोणीही कुठलीही गाडी मागू शकतो, आणि मालकाला नाही म्हणता येत नाही. म्हणूनच तर कोणी गाडीवर फार खर्च करत नाही.

"ती मी घेणार," ताउनो सौनात म्हणाला.

"अरे, काय उरलंय तिच्यात? मागची सीटं काढली, काचा काढल्या, आत लोखंडी पिंजरा बसवलाय. दारं वेल्डिंग करून टाकलीत. मांजरासारखा खिडकीतून शिरशील."

"गाडी कोणाला हवीये?" त्याने तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं. "गाडी रेइनोच्या नावावर आहे. किल्ली द्यायला त्याला माझ्यापुढे यावं लागेल. काहीतरी बोलेलच ना? शिवी दिली तरी चालेल मला."

आमच्या क्लबात गाडी मागायची तर शर्यतीचा परवाना लागतो. सत्तरीच्या ताउनोने तोही काढला. त्यासाठी तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं म्हणे, "अहो, शर्यत कुणाशी?"

शर्यतीच्या दिवशी वाळूच्या खाणीत धुळीचे लोट, आणि हा चर्चला घालायचा कोट घालून आलेला. सातू तिसरी आली. इंजिन चांगलं, म्हणून तिच्या गाडीवर आणखी दोघांचा डोळा होता. मागणारे जास्त, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. ऑफिसच्या टपरीतल्या सिर्पाबाईंनी चिठ्ठी उचलली आणि वाचली, "ह्युत्तिनेन, ताउनो."

मी त्याच्या पाठीत थाप मारली. कोटातून धूळ उडाली. त्याने टोपी काढून केस सारखे केले.

रेइनो आला. ताउनोपासून हातभर अंतरावर उभा राहिला आणि टपरीच्या खिडकीत किल्ली ठेवली. ताउनोने घसा साफ केला. रेइनो सिर्पाबाईंकडे बघत म्हणाला, "पुढच्या डाव्या चाकातली हवा उतरते. घेणाऱ्याला सांगा."

सिर्पाबाईंनी चष्मा वर केला. "अहो, घेणारा इथेच उभा आहे की! तुमचाच भाऊ."

"सांगा त्याला," रेइनो म्हणाला आणि चालू लागला.

ताउनोने खिडकीकडेच तोंड ठेवून किल्ली उचलली. मग म्हणाला, "कळलं म्हणावं."

गाडी ओढून आणली ती माझ्या ट्रॅक्टरने. वाटेत मी म्हटलं, "चाकाचं सांगितलं की रे. म्हणजे तुझी काळजी आहे त्याला."

"सिर्पाला सांगितलं," तो म्हणाला.

मला वाटलं, संपलं. पण ऑगस्टमध्ये ताउनोने स्वतःच ती गाडी शर्यतीत उतरवली, म्हाताऱ्यांच्या गटात. मी त्याला मागून ढकलून खिडकीतून आत कोंबलं. "हे काय वेड घेतलंयस?" मी विचारलं.

"आता रेइनो मागू शकतो, परवाना आहे त्याच्याकडे," हेल्मेटमधून आवाज आला. "मला नाही म्हणता येणार नाही."

तो सगळ्यात शेवटी आला, तोही पुढे कोणी नसल्यासारखा सावकाश. रेइनो आलेला होता. दोरीजवळ उभं राहून त्याने सॉसेज खाल्लं आणि सगळे फेरे पाहिले, त्या एकाच गाडीवरून नजर न काढता. मग कागदाला बोटं पुसली आणि टपरीच्या दिशेने निघाला. टपरीशेजारी कचऱ्याचा डबा होता. त्यात कागद टाकून तो आपल्या गाडीकडे गेला.

ताउनो हेल्मेट काखेत धरून सिर्पाबाईंसमोर उभा राहिला. "बघा ना नीट," तो म्हणाला.

"कुणीच नाही मागितली हो, ताउनो," त्या म्हणाल्या. खिडकी लावायची होती, तरी थोडा वेळ त्यांनी ती उघडीच ठेवली.