मुल नाही

तेव्हा मी मुंबईत एका कचेरीत कामाला होतो. नव्या गणकयंत्राला इंग्रजी वाक्य द्यायचं आणि त्याच्याकडून कोरियन वाक्य बनवून घ्यायचं, असा तिथला उद्योग. त्यासाठी मी कार्डांवर शब्द आणि नियम उतरवत असे. कोरियन भाषा मी कानांनी कधी ऐकलीच नव्हती. तरी 'भाषेच्या भिंती पाडा' असं पत्रक छापून माझ्या गावी, मुरुडला, घरोघर वाटलं होतं. जगातले कामकरी आता एकमेकांशी थेट बोलतील, असं त्यात ठणकावून लिहिलं होतं.

रजेवर घरी आलो आणि कोळ्यांच्या एका होडीने मालबोटीवरचा आजारी खलाशी किनाऱ्याला आणला. कोरियन. माझं पत्रक आठवून डॉक्टरांनी मला दवाखान्यात बोलावलं. त्याचं पोट फळीसारखं ताठ झालं होतं आणि "मुल, मुल" एवढंच तो म्हणत होता.

"पोराची आठवन आली बिचाऱ्याला," दारातली कोळीण म्हणाली. तिच्याच नवऱ्याची ती होडी.

मुल म्हणजे पाणी. माझ्या पहिल्याच कार्डावरचा शब्द. मी डॉक्टरांच्या कानात सांगितलं.

"थेंबही द्यायचा नाही. अलिबागला नेऊन पोट उघडावं लागेल. आता पाणी प्याला तर दगावेल. समजाव त्याला."

समजाव! कोरियन क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं. पण आमचे नियम सगळे इंग्रजीतून निघणारे. मराठीतून सरळ जायची वाट कुणी आखलीच नव्हती. मी डॉक्टरांचं बोलणं मनात इंग्रजीत केलं, मोडलं, फिरवलं. 'पिऊ नका'चा नियम अजून लिहायचा होता. 'तर' नाही, 'म्हणून' नाही, 'नंतर' नाही. 'आहे' आणि 'नाही', एवढंच तयार होतं.

"मुल ऑप्सो," मी म्हणालो. पाणी नाही.

त्याला कळलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या पाझरणाऱ्या माठाकडे. मी पुन्हा तेच म्हणालो. दुसरं वाक्यच नव्हतं माझ्याकडे. तो उठू लागला, तेव्हा दोघा कोळ्यांनी त्याला दाबून धरलं. मग त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

जीप त्याला घेऊन गेली. तो जगला की नाही, मला कधीच कळलं नाही.

कोळीण माझ्यामागोमाग पायऱ्या उतरली.

"काय बोललास रं त्याला? एकदम गप झाला."

"नाही म्हणून सांगितलं."

"काय न्हाय?"

मी अजून त्या वाक्यातच अडकलो होतो. "मुल," म्हणालो.

तिचा हात तोंडावर गेला. "मूल न्हाय? अरं, आजारी मानसाला असं तोंडावर सांगतात व्हय?"